गाडीखालचे तीन हात

...आणि वर मलाच विचारतात, "आठवडाभर केलंत तरी काय?" अहो, काय केलं? ही नखं बघा! रॉकेलने धुतली, साबणाने घासली, थिनर चोळला... हा काळा रंग आता माझ्याबरोबरच जाणार! तुम्हाला सांगतो, सगळा घोळ त्या एका वाक्याने केला. "रंगच तर द्यायचाय!"

झालं काय, सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं. जावई दोन, गाडी एक. दुसरा जावई म्हणजे माझा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सासरे म्हणाले, "आठवडाभर धाकट्यांनी ठेवावी, मग मी येऊन बघतो. निगा दिसली तर तुमची, नाहीतर थोरल्यांची." आता मला ती गाडी हवी होती हो! मनापासून हवी होती! बायकोला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच गाडीत. गाडी शिकत होती, मी थोडक्यात वाचलो!

म्हणून नेली गॅरेजात. गॅरेजवाल्याने खाली टॉर्च मारला, चक् चक् केलं. "साहेब, सस्पेन्शनला गंज धरलाय. स्प्रिंगा, आर्म, सगळं खोलून रंगवायला हवं." खर्च ऐकून मी मटकन टायरवर बसलो. त्याला माझी दया आली. "मग घरी रंगवा की! मी खोलून देतो, तुम्ही आणलंत की बसवून देतो. रंगच तर द्यायचाय!"

ते धूड गोणीत भरून घरी आणलं. बायको म्हणाली, "हे काय भंगार?" म्हटलं, "भंगार काय म्हणतेस, तुझ्या बाबांच्या गाडीचे पाय आहेत!" मग बसलो तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन. घास, घास, घास... गंज जागचा हलेना, माझी सालटी निघाली! प्रायमर झाला, गॅलरीत दोरीवर स्प्रिंग टांगली, दोरी तुटली, स्प्रिंग माझ्या अंगठ्यावर! बरं, सकाळपासून पान हलत नव्हतं. मी स्प्रेचा डबा दाबला मात्र, असा वारा सुटला म्हणून सांगू! निम्मा रंग स्प्रिंगवर, निम्मा माझ्या मिशीवर, आणि उरलेला शेजारी. काकू आल्या चादर घेऊन. "भाऊ, ही सकाळी पांढरी होती ना हो?" काय सांगणार? काकू, रंगच तर द्यायचाय?

बायको म्हणाली, "या वासात मी राहणार नाही, बाबांकडे चालले." म्हटलं, "जा, पण त्यांना काही बोलू नकोस!" आणि दिले एकट्याने तीन हात. कुठे म्हणून कसर ठेवली नाही. काय चकाकत होतं! त्यात बघून भांग पाडला मी!

गॅरेजवाल्याने पार्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"साहेब, आट्यांनाही रंग दिलात?"

"दिला की!"

"भोकांतही?"

"सगळीकडे सारखा!"

"मग नट कुठे चढवू? माझ्या डोक्यावर?"

बसलो पुन्हा! तोच ब्रश, तोच मी, आता स्वतःचाच रंग खरवडतोय! आणि गंज जितका चिवट होता, त्याच्या दुप्पट चिवट माझा रंग! इतका चांगला दिला होता हो!

शेवटी बसली गाडी चाकांवर. सासरे आले, साडू आला. सासऱ्यांनी एक चक्कर मारली, टपावर बोट फिरवलं. धूळ! अहो, वरून पुसायला वेळ कुठे होता? मी म्हणतोय, "बाबा, जरा खाली वाकून बघा ना!" ते म्हणतात, "माझे गुडघे कुठे वाकतात आता? आठवडाभर गाडी तुमच्याकडे, निदान एक हात रंगाचा तरी द्यायचात!" तेवढ्यात साडूने खिशातून रुमाल काढला आणि पुढची काच पुसली. एक काच! "बघा," सासरे म्हणाले, "याला म्हणतात निगा!" आणि किल्ली त्याच्या हातात!

जाऊ द्या. साडू रोज आमच्या घरावरूनच जातो. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तिथे गाडी जरा उचलली जाते... मी आधीच जाऊन रस्त्यावर उकिडवा बसलेला असतो. क्षणभरच दिसतं, पण काय चकाकतं हो!