पाळण्याखालून

साधना : नाई आई, सिंधुताईले मी नाई सांगत. बाळाची सख्खी आजी घरात असताना शेजारीण कावून पाळण्यापाशी उभी राहीन?

अंजनाबाई : हळू बोल ना बाप्पा! मैनाबाई मोरीत बाळाले न्हाऊ घालून राहिली. आयकंन थे, अन् पार मरोदा वस्तीपर्यंत घरोघरी बातमी नेईन.

साधना : नेऊ दे. उद्या बारसं आहे. सासूबाई सकाळच्या गाडीनं गोंदियावरून येऊन राहिल्या. पाळण्याच्या एका बाजूले त्या, दुसऱ्या बाजूले तू. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ तुमच्या दोघींच्याच हातातून पाळण्याच्या वरून-खालून गेलं पाहिजे.

अंजनाबाई : अन् माया हाताच्या खपल्या त्याच्या दुपट्यावर पडल्या म्हंजे? इहीनबाईंच्या डोयापुढं?

साधना : पडल्या तर झटकू.

अंजनाबाई : झटकू! तुले काय मालूम झटकनं काय असते थे. मांगच्या संक्रांतीले आपल्या वळखीच्या दौलतरावाच्या घरी हळदीकुंकवाले गेली होती मी. तिळगूळ घेतला, हासली-बोलली. बाहेर येऊन चपला घालाले वाकली, तर त्याच्या बायकोनं मी बसली होती थेच चटई आंगनात आनून झटकली. बाकीच्या चार बाया अजून बसूनच होत्या. त्याईच्या चटया नाई, मायीच. धरनी मायनं पोटात घ्यावं असं झालं मले. तवापासून कोनाच्या घरी नाई गेली मी.

साधना : मले पत्रात तर लिहिलं, गुडघे दुखतात म्हणून जात नाई.

अंजनाबाई : मंग काय लिहू? तुया सासरी पत्र सगळेच वाचतात.

साधना : अकरा दिवस झाले आई. तू बाळाले एकदाही नाई घेतलं.

अंजनाबाई : पाह्यते ना मी. झोपला का जवळ जाऊन पाह्यते. नाक तुया बाबावर गेलं.

साधना : फक्त पाह्यते! डॉक्टरनं किती वेळा सांगितलं, हा सोरायसिस आहे, छूत की बीमारी नहीं है. हात लावल्यानं कोणाले होत नाई. कातडी गरजेपेक्षा भरभर तयार होते अन् तिचे थर साचतात, बस्स. दाखव कोपर.

अंजनाबाई : कायले?

साधना : दाखव म्हणते ना. पूरी बाही वर कर. ...अरे बाप रे! रक्त? काय केलं हे?

अंजनाबाई : वजरीनं घासलं. टाचा घासतो ना आपन, थ्याच वजरीनं. तू बाळंतपनाले येनार म्हून पत्र आलं, तवापासून रोज घासली. म्हटलं, लेकरू येईपर्यंत हात साफ झाले पाह्यजे. दोन दिवस झाले बी गुलाबी. मंग दुप्पट उठलं.

साधना : उठणारच! घासलं, ओरबाडलं की तिथंच नवीन चट्टा येते. थंडीत तर अजूनच जपावं लागते. आंघोळ झाली की अंग ओलं असतानाच तेल, मग ते डांबराचं मलम, अन् थोडं कोवळं ऊन. एकदम जात नाई हे, पण ताब्यात राह्यते.

अंजनाबाई : डॉक्टर मले सांगे तवा तू तर सासरी होती. तुले एवढं कसं मालूम?

साधना : विचारलं मी. सुट्टी झाली ना दवाखान्यातून, त्या दिवशी. चामडीच्या डॉक्टरले.

अंजनाबाई : मायासाठी?

साधना : (कानाला बांधलेला बाळंतिणीचा रुमाल सोडत) हे पाह्य. कानामागं. केसात पण आहे.

अंजनाबाई : अगं माय... कवापासून?

साधना : सातव्या महिन्यापासून. मले वाटलं कोंडा आहे. बाळंतपणानंतर एकदम वाढलं. तिकडे सासरी होती तवा सासूबाई वेणी घालू का म्हणायच्या, तर मी काही तरी बहाणा करून उठायची. उशीची खोळ कोणी पाह्याच्या आधी रोज धुवायची. तुयासारखंच करून राहिली मी, आई.

अंजनाबाई : मायाच रक्तातून आलं तुले.

साधना : घराण्यात असू शकते म्हणे. सगळ्याईलेच होते असं नाई. तू काही मुद्दाम नाई दिलं.

अंजनाबाई : सरक इकडे. उन्हात बस. डोकं ठेव माया मांडीवर. ...नखं लावू नको बरं तिथं. थर तेलानं मऊ होऊ दे पह्यले, ओढून काढाचा नाई. अगं बाई, किती जाड झालं! दुखते?

साधना : खाजते. तुले किळस नाई येत?

अंजनाबाई : येडी झाली का? लेक आहे तू मायी.

साधना : मले तर लाज वाटते. सासूबाई उद्या येतीन, रुमाल सोडाले लावतीन, याच भीतीनं मले झोप नाई.

अंजनाबाई : तुले कायची लाज, पोरी? तू का कोनाच्या घरात चोरी केली?

साधना : अन् तू केली?

अंजनाबाई : मैनाबाईचं झालं असंन न्हाऊ घालून. आन त्याले. माया हातात दे.