शेतात लोखंड ठेवू नये

मंडळी, बसा. दिनेशची शोकसभा आहे, पण मला सभेत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकलोय.  भीती वाटतेय, तरी बोलतो.

दिनेश माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. हेलिकॉप्टर दुरुस्त करायचा. दुरुस्तीनंतर पायलटशेजारी स्वतः बसून वर जायचा. मी चिडायचो, "अरे, तू कशाला चढतोस?" तो हसायचा. "तात्या, मीच बसलो नाय तर पायलट कशाला बसेल? तुमी तर बैलगाडीलापन घाबरता!"

त्या सकाळी मी आपल्या शेतावर होतो. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं आणि भोवऱ्यासारखं गरगरलं. गरगरत गरगरत आपटलं. पात्यांनी बांधावरचा साग मधोमध कापला. आग भडकली. आम्ही माती फेकत राहिलो. वहिनी, माफ करा, पण बोलू द्या. दिनेशला मी मनगटातल्या कड्यावरून ओळखलं. ओळखायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

प्रेतं नेली. पोलीस रस्त्यावर गर्दी आवरत होते. तेवढ्यात मी काय केलं? तुकडे वेचले! भातलावणीला आपल्या बायका अनवाणी उतरतात. शेतात लोखंड ठेवू नये, हे मला बापाने शिकवलं. अख्खं रान वेचून एका जागी ढीग केला.

तपासाच्या साहेबांनी ढीग पाहून कपाळावर हात मारला. म्हणाले, "आजोबा, इंजिन बंद पडलं असेल, इंधनात पाणी गेलं असेल, मागचा पंखा निखळला असेल. पंखा हवेत निखळला की आपटून तुटला, हे तो कुठे पडला त्यावरून कळलं असतं. कोणी उचलला?"

मी गप्प. तुरुंगात टाकतील म्हणून गप्प. आणि तुम्ही? चहाच्या टपरीवर तुम्ही निकाल लावलात, मेकॅनिकनेच नट सैल ठेवला. वहिनींनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

वहिनी, पंखा मी उचलला. ओढ्यापलीकडे, चिंचेखाली, बाकीच्या सांगाड्यापासून दोन शेतं लांब पडला होता. म्हणजे वरच निखळला. का निखळला? दिनेशचा हात चुकला, की लोखंडालाच आतून तडा होता? मला ठाऊक नाही. कदाचित त्याचीच चूक निघेल. निघू दे. पण तपासून निघू दे.

चिंचेखाली त्या जागी मी खूण म्हणून खुंटी ठोकलीय. साहेब मागच्या रांगेत बसलेत, मीच बोलावलंय.

आता उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. दिनेशबद्दल तर अजिबात बोलू नका. नंतर मी साहेबांना खुंटी दाखवायला नेतो.