दुरुस्त केलेली ऋचा

केयूर : नाही बाबा, गोल बोलू नका. तुम्ही चाळीस वर्षं मुलांना संस्कृत नाटकं शिकवलीत. मला एवढंच सांगा, माझा सिनेमा का फसला?

माधवराव : फसला, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. आज केवळ आप्तेष्टांसाठी खेळ झाला. लोकांसाठी तो उद्यापासून लागायचा आहे.

केयूर : आप्तेष्टच तर बोलले. श्यामसुंदरकाकांनी माझा हात हातात घेतला, आणि काय म्हणाले माहितीये? "मध्यंतर अगदी योग्य वेळी घेतलंस."

माधवराव : ते बँकेत होते. वेळ पाळणाऱ्यांविषयी त्यांना आदर आहे.

केयूर : मावशी म्हणाली, छायाचित्रण सुंदर. पुण्यात ज्या सिनेमाचं काहीच आवडत नाही, त्याचं छायाचित्रण सुंदर असतं.

माधवराव : तू पुण्यातच वाढलास. मग मला कशाला विचारतोस?

केयूर : कारण आई एक शब्दही बोलली नाही. रिक्षात नाही, जिन्यात नाही. आल्यापासून आतल्या खोलीत डोळे मिटून बसली आहे. झोप लागली असेल का?

माधवराव : झोप नव्हे. मी दारातून पाहून आलो. तिचे ओठ हलताहेत.

केयूर : जप करत असेल.

माधवराव : जप तिने नऊ वर्षांपूर्वी सोडला. ऋचा गेली त्या आठवड्यात माळ देव्हाऱ्यात ठेवली, ती पुन्हा हाती घेतली नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल. त्या काळात तू दिवसरात्र हिंजवडीलाच असायचास.

केयूर : मग हिंजवडी सोडली कशासाठी मी? चांगली चालू नोकरी सोडली, तीन वर्षं याच्यात घातली, ती ताईसाठीच ना? आईने मला याच खोलीत सांगितलं होतं, "तुझ्या त्या पडद्यावर ती एकदा दारातून आत येऊ दे. मग मी कुणाकडे काही मागणार नाही."

माधवराव : आली की. दारातून आली, हातात गजरा घेऊन आली, वाकून माझ्या पाया पडली.

केयूर : टोमणा आहे का हा?

माधवराव : नाही रे. प्रेक्षक म्हणून मी जे पाहिलं, तेच सांगतो आहे. ऋचाने उभ्या आयुष्यात गजरा माळला नाही. आणि माझ्या पाया पडायचं तर दूरच. शेवटचे दोन महिने ती माझ्याशी बोलतही नव्हती.

केयूर : पहिल्या कटमध्ये ते सगळं होतं. तुमचं भांडण होतं, तिचं दार आपटणं होतं, वाघोलीचा फ्लॅट होता. लग्नाआधी एकटीने फ्लॅट घेतला म्हणून तुम्ही तिला काय काय बोललात, तेही होतं.

माधवराव : मग ते गेलं कुठे?

केयूर : दुरुस्त केलं. जुन्या ऑफिसातल्या मित्रांना कॉन्फरन्स रूममध्ये दाखवला तो कट. एक म्हणाला, मुलगी आईला इतकं तोडून बोलते, तर ती गेल्यावर आम्हाला रडू का यावं? दुसरा म्हणाला, बाप व्हिलन वाटतो. एक मुलगी म्हणाली, मध्ये दहा मिनिटं कुणी बोलतच नाही, बोअर होतं. आम्ही कस्टमरला सॉफ्टवेअर द्यायच्या आधी हेच करतो, बाबा. लोकांना वापरायला देतो, ते चुका काढतात, आम्ही एकेक चूक बंद करतो. मीही एकेक बंद केली. दाखवायचं, ऐकायचं, बदलायचं, परत दाखवायचं. शेवटच्या वेळी कुणाचीच काही तक्रार नव्हती. मला वाटलं, झाला सिनेमा.

माधवराव : ज्या दिवशी कुणालाच काही खुपलं नाही, त्या दिवशी तुला भीती वाटायला हवी होती.

केयूर : हे तेव्हा का नाही बोललात?

माधवराव : तू मला विचारलं नव्हतंस. आणि खरं सांगायचं, तर विचारलं असतंस तरी मी काय सांगितलं असतं, याची मला खात्री नाही. त्या वाघोलीच्या घराचं काय केलंस तू?

केयूर : तेही पटत नव्हतं लोकांना. एकटी मुलगी घर सोडून का जाईल, विचारत होते. म्हणून मग ती आईबाबांसाठी सरप्राइज म्हणून घर घेते. त्याची किल्ली आणायला जाते, आणि नगर रोडवर तो टँकर.

माधवराव : म्हणजे आमच्यापासून दूर राहण्यासाठी घेतलेलं घर तिने आम्हालाच भेट दिलं. केयूर, लोक चित्रपटाला रिकाम्या मनाने जात नाहीत. स्वतःच्या घरातलं काही दुखणं बरोबर घेऊन जातात, आणि पडद्यावरच्या दुःखाने त्याला हात लावावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. तू त्यांना अशी मुलगी दाखवलीस, की जिच्यावर कुणी रागावूच शकणार नाही. करुण रस नुसत्या अश्रूंनी निष्पन्न होत नाही. जिच्यावर आपण रागावलो होतो ती राग पुरा व्हायच्या आधीच निघून जाते, तिथून त्याचा उगम होतो. हे मला कोणत्या शास्त्राने शिकवलेलं नाही. याच घरात शिकलो.

केयूर : म्हणजे मी ताईला खोटी केली.

माधवराव : निर्दोष केलीस. आमच्या वेदपाठी गुरुजींची शिस्त आठवते. एखादा उच्चार कानाला कठोर लागतो, म्हणून तो मऊ करायची मुभा नसे. जसा आला तसा पुढे द्यायचा. शेकडो पिढ्यांनी असं सांभाळलं. आपल्याला एक मुलगी नऊ वर्षं सांभाळता आली नाही.

केयूर : "आपल्याला" कशाला म्हणता? माझ्याकडून झालं. सरळ तसं म्हणा.

(हेमा आतल्या खोलीतून येते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते.)

हेमा : "आपल्याला" बरोबर आहे. त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नको.

केयूर : आई! ये ना, बस. चहा टाकू?

हेमा : चहा नको. आणि अहो, त्या मुलाला शास्त्र सांगताय ते थांबवा. दरवर्षी तिच्या तिथीला पानावर बसलेल्या लोकांना तुम्ही तिच्याबद्दल काय सांगत होता? पहिल्या वर्षी ती हट्टी होती. मग मनस्वी झाली. गेल्या वर्षी तर म्हणालात, "आमची ऋचा फार तेजस्वी होती हो." जिलबी वाढता वाढता ऐकलं मी.

माधवराव : गेलेल्या माणसाचं उणं काढू नये, असं आपल्याकडे—

हेमा : आपल्याकडे! म्हणून माणूस मेलं की आपण त्याला आणखी थोडं मारतो. मी तरी काय केलं? ती दारं आपटायची, हे शेजारणींना सांगायचं मीही बंद केलं. याच्या ऑफिसवाल्या मित्रांनी शेवटचा हात फिरवला, एवढंच. अर्धी दुरुस्ती आपणच करून दिली होती.

केयूर : आई, इतका वाईट आहे का गं सिनेमा?

हेमा : वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट सिनेमा घरी येईपर्यंत विसरतो माणूस.

केयूर : मग?

हेमा : तू इकडे ये. उभा राहा माझ्यासमोर. तुझी आठवण चांगली आहे, लहानपणापासून. त्या दिवशी सकाळी ती निघाली, तेव्हा तू इथे याच पाटावर बसून बूट घालत होतास.

केयूर : हो.

हेमा : दारात उभी राहून ती मला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली?

केयूर : "आई, संध्याकाळी लवकर येते. श्रीखंड करून ठेव."

हेमा : ते त्या नटीचं. तिचं सांग.

केयूर : हां, तिचं. तिचं म्हणजे... ती चिडलेली होती. दुपट्टा खांद्यावर टाकला, किल्ली हातात, आणि म्हणाली... थांब हं.

हेमा : थांबले आहे.

केयूर : "आई, तू" अशी सुरुवात होती. "आई, तू पण"... बाबा, तुम्ही सांगा ना. तुम्ही तर घरातच होतात.

माधवराव : मी देवघरात होतो. ती निघते आहे हे कळल्यावर मी मुद्दाम मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागलो. मला काही ऐकू आलं नाही.

हेमा : यांना विचारून उपयोग नाही. ऐकलं ते फक्त मी आणि तू. आज दुपारी थिएटरात शिरेपर्यंत ते वाक्य माझ्याकडे होतं, केयूर. नऊ वर्षं रोज रात्री मी ते उशाशी घेऊन झोपत होते. चांगलं नव्हतं. आईला कुणी म्हणू नये असं होतं. पण शब्द तिचे होते, आवाज तिचा होता. आल्यापासून शोधते आहे. "आई, तू" इथपर्यंत ती येते. पुढे त्या मुलीचा गोड आवाज लागतो आणि श्रीखंड मागतो.

केयूर : आठवेल गं. आज ताजं आहे म्हणून. दोन दिवसांत तो सिनेमा डोक्यातून जाईल.

हेमा : तुझ्या डोक्यातून गेला का?

केयूर : मी तो सीन एडिटिंगला शेकडो वेळा पाहिला. पुढे, मागे, पुढे, मागे. माझं वेगळं आहे.

हेमा : वेगळं काही नाही. तुझं आधी गेलं, माझं आज.

माधवराव : केयूर, पहिल्या चित्रीकरणात ते वाक्य असेल ना?

केयूर : होतं. तसंच्या तसं होतं. लिहिलं नव्हतं मी, लिहिताना हात थांबत होता. ताईचं काम करणाऱ्या राजनंदिनीला तोंडी सांगितलं आणि तिने म्हटलं.

माधवराव : मग ते आणून आईला ऐकव.

केयूर : नाही ते. डिस्क कमी पडत होत्या. जे लागणार नव्हतं ते पुसून पुढचं शूटिंग त्याच्यावरच केलं. तो पहिला कटही त्यातच गेला.

माधवराव : पुसलंस?

केयूर : लागणार नव्हतं, बाबा! लोकांना आवडलं नव्हतं ते वाक्य! सगळ्यात जास्त तक्रारी त्याच एका वाक्याच्या होत्या.

हेमा : ओरडू नकोस. त्या मुलीला विचार. तिच्या तोंडातून निघालं आहे ते, तिला आठवत असेल.

केयूर : हो. हो, तिचं पाठांतर चांगलं आहे. लावतो फोन. ... हॅलो, राजनंदिनी? हो, झाला शो. चांगला झाला. हो, रडले ना, बरेच जण रडले. ऐक, तो दारातला सीन, आपण पहिल्यांदा केला तेव्हा तुला एक वाक्य दिलं होतं मी. नाही, श्रीखंडाचं नाही, त्याच्या आधीचं. "आई, तू" असं सुरू होतं. आठवून बघ ना प्लीज, घाई नाही. ... नक्की नाही? एखादा शब्द तरी? ... बरं. नाही गं, तुझी काही चूक नाही. सहज विचारलं. उद्या भेटू.

माधवराव : काय म्हणाली?

केयूर : म्हणाली, "सर, मला त्या वाक्याशिवाय तो सीन जमतच नव्हता. तुम्हीच तर मला बसवून सांगितलंत, ते डोक्यातून पूर्ण काढून टाक."

माधवराव : हेमा, तू बस जरा.

हेमा : बसते. तुम्ही धरू नका, बसते मी.

केयूर : आई, मी उद्याचे शो थांबवतो. आत्ता फोन केला तर अजूनही थांबतील. हा सिनेमा कुणालाच दाखवायला नको.

हेमा : कशाला थांबवतोस? लोकांना बघू दे. त्यांचं त्यात काही जायचं नाही.