खडूच्या खुणेची चार रिबिटं

चुलवाणात चिपाडं सारा दोन, आणि जवळ सरकून बसा. काहिलीतला रस आटायला अजून तासभर आहे. तोवर ऐका. ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्यावरच गुदरलेली आहे. मी ती फारशी सांगत नाही. सांगितली की दोन दिवस जेवण जात नाही मला.

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा. तालुक्याला ठेकेदाराकडे कारकून होतो. एका संध्याकाळी निरोप आला, ‘शिदबा, आईला ताप भरलाय, बरळतीय, असशील तसा ये.’ निघालो. शेवटच्या गाडीनं फाट्यावर उतरलो तर अंधार मिट्ट! चहाची टपरी बंद करत गणू कुंभार उभा होता. म्हणाला, “नाना, खिंडीच्या रस्त्यानं जावा. पुलावरनं नको.”

“का रे?”

“वाजतंय तिथं रात्रीचं.”

काय वाजतंय ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. का विचारलं नाही, ते येईल पुढं. खिंडीचा रस्ता सात मैल, आणि लोखंडी पुलावरून गाव हाकेच्या अंतरावर. आई तापानं फणफणलेली. मी पुलाची वाट धरली.

पूल तुम्ही पाहिलाय. माणसं चालण्यापुरता, फळ्या टाकलेला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, आणि खाली डोह. पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि आवाज आला. ठण्ण!

थांबलो. काही नाही. वारा असेल. पुढं पाऊल टाकलं. ठण्ण! आणखी एक. ठण्ण! माझ्या पावलाबरोबर, बरं का, पण पायाखालून. पुलाच्या पोटातून. कुणीतरी छोट्या हातोडीनं लोखंड ठोकत माझ्याबरोबर चाललं होतं.

आणि तो हात मी ओळखला.

आता ऐका, तो हात कुणाचा. अकरा वर्षं मागं जा. हा पूल बांधला तेव्हा त्याच ठेकेदाराकडे मी नवा नवा लागलो होतो, बावीस वर्षांचा. तेव्हा लोखंडाला लोखंड जोडायचं ते रिबिटांनी. रिबीट म्हणजे जाड, टोपीचा खिळा. भट्टीत लालभडक करायचा, भोकात घालायचा, आणि दुसरं टोक घण मारून चेपायचं. थंड झाला की दोन पट्ट्या गच्च आवळून धरतो. पण एखादा थंडच बसतो, ढिला राहतो. वरून बघून कळत नाही. रंग दिला की सगळे सारखेच दिसतात.

ते कळायचं आमच्या जोत्याजीला. जोत्याजी लोहार. टोपीच्या एका कडेला बोट ठेवायचा, दुसऱ्या कडेनं हातोडी मारायचा. पक्कं असेल तर ठण्ण! ढिलं असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज, आणि बोटाला थरथर. ढिल्याभोवती तो खडूनं गोल काढायचा. ते रिबीट कापून नवं बसवायचं, असा नियम. मी वहीत लिहायचं.

उद्या उद्घाटन, आणि आज संध्याकाळी जोत्याजीनं तिसऱ्या खांबाजवळच्या सांध्यावर चार गोल काढले. एका सांध्यावर चार! ठेकेदार माझ्याकडे आला. म्हणाला, “भट्टी विझवली, माणसं गेली. सरकारी साहेब सकाळी वही बघून सही करणार. तू शहाणा आहेस, शिदबा.”

मी शहाणा निघालो. रुमाल ओला केला आणि चारही गोल पुसले. वहीत लिहिलं, ‘सर्व सांधे वाजवून पाहिले, बरोबर.’

जोत्याजी परत आला, बघितलं, म्हणाला, “शिदबा, खुणा कुणी पुसल्या?”

मी म्हणालो, “मला काय माहीत?”

त्यानं कंदील घेतला, खडू घेतला आणि एकटाच कठड्याबाहेर टांगलेल्या परांचीवर उतरला. पुन्हा खुणा करायला. मी बघत होतो, अडवलं नाही. कंदील हलला. मग दिसेनासा झाला. डोहातून तिसऱ्या दिवशी काढला त्याला.

ठेकेदार म्हणाला, प्यायला होता. थेंबाला शिवत नव्हता हो तो! त्याची बायको हौसाबाई माझ्याकडे आली. म्हणाली, “भावजी, तुम्ही होता तिथं. यांनी घेतली होती का?” मी मान खाली घातली. बोललो काहीच नाही. आणि लोकांनी ते ‘हो’ धरलं.

म्हणूनच गणूला काही विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच तो हात मी ओळखला. मागं फिरावं, तर आई पलीकडं. आणि मग कठड्यावर बघा, एक गोल उमटला. पांढरा. मग दुसरा. माझ्यापुढं पुढं, कुणी काढतंय ते दिसत नाही, नुसता खडू घासल्याचा आवाज. खर्र. खर्र. मी रुमाल काढला. का काढला देवाला ठाऊक, सवयीनं! पुसला. पुसला की ठळक होतोय. पुसला की ठळक!

तिसऱ्या खांबापाशी आलो. आणि कठड्यावर, पाठमोरा, माणूस बसलेला. अंगरख्यातून पाणी निथळतंय. वळला नाही. नुसतं म्हणाला, “बोट लाव, शिदबा.”

माझं बोट आपोआप गेलं. कठड्याखालच्या त्याच सांध्यावरच्या रिबिटाच्या टोपीला टेकलं आणि चिकटलं. ओढलं, निघेना! पट्टीच्या पलीकडून, जिथं पाय ठेवायलाही जागा नाही, नुसता डोह, तिथून हातोडी पडली. भद्द!

“कसं वाजतंय?”

“ब... बरोबर.”

टोपी सरकली. पट्टीत फट पडली आणि बोट फटीत ओढलं गेलं. पायाखालची फळी वीतभर खचली. पुन्हा भद्द!

“कसं वाजतंय?”

“बरोबर आहे, जोत्याजी, सोड मला!”

बोट आणखी आत. हाड कुरकुरलं. सगळा पूल करकरत डोहाकडे कलला. हे बघा, हेच बोट. नख परत आलंच नाही. तिसऱ्यांदा हातोडी पडली, आणि आवाज अगदी हळू आला, रागाचा नाही, थकलेल्या माणसाचा. “कसं वाजतंय रं?”

“खोटं!” मी ओरडलो. “खोटं आहे ते! चारही खोटी! मी पुसल्या खुणा! तू प्यायला नव्हतास, जोत्याजी, मला ठाऊक होतं!”

बोट सुटलं. पळालो. मागं एक रिबीट तुटून माझ्या कानाजवळून सणाणत गेलं, आणि अख्खी पट्टी लोंबकळली. फळीवरून फळीवर उड्या मारत काठावर जाऊन पडलो. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

घरी गेलो. आईचा ताप उतरला होता, नुकती घोटभर पेज घेतली होती. बोट बघून तिनं विचारलं. सगळं सांगितलं तिला. रडलो. ती म्हणाली, “मला कशाला सांगतोस? हौसाला सांग.”

दुसऱ्या दिवशी बाजार होता. शे-दोनशे माणूस पुलावरून जायचं. पहाटेच माणसं घेऊन गेलो, काटे टाकले, पूल अडवला. दुपारी साहेब आले. त्यांनी दोरावरून माणूस उतरवला. सांधा पार उघडला होता. मी पुढं झालो, वहीतलं खोटं कबूल केलं. नोकरी गेली. जायलाच हवी होती.

आणि संध्याकाळी हौसाबाईच्या दारात गेलो. चुलीपुढं भाकरी थापत होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग म्हणाली, “अकरा वर्षं उशीर केलात, भावजी. माझी लेक बापाला दारुडा म्हणतच सासरी गेली.”

तिच्या लेकीच्या सासरी गेलो मग. अंगणात, सगळ्यांच्या देखत सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं. आत गेली आणि दार लावून घेतलं. दाराआड रडलेलं ऐकू येत होतं. मी काय करणार? बसून राहिलो थोडा वेळ ओसरीच्या कडेला, आणि आलो परत.

म्हणून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. पूल तेव्हापासून बंदच आहे, तरी काटे सारून पोरंटोरं जातात, जवळ पडतं म्हणून. जाऊ नका. लोक म्हणतात, नाना खरं बोलला म्हणून वाचला. तसं नाही बाबांनो. पुसायच्या आधी खरं बोललो असतो तर जोत्याजी आज इथं बसून रस प्याला असता. मी वाचलो ते त्यानं सोडलं म्हणून. भला माणूस होता तो. मी त्याला वाऱ्यावर सोडलं, त्यानं मला नाही टाकलं.