लसणाची तिसरी बरणी

हॅलो? … हॅलो… कोण, सुयुन? … हो, हो, येतंय ऐकू. थांब, हात लसणाचे आहेत, फोन टेबलावर ठेवते. … हां. बोल.

… काय करणार, सोलत बसलेय. लाबा आहे ना आज, बाराव्या महिन्यातली अष्टमी, लसूण व्हिनेगरमध्ये घालून हिरवा मुरवायचा दिवस. … विसरलीस? तुझे बाबा असते तर सकाळीच फोन करून तुझं डोकं खाल्लं असतं. "सुयुन, तिकडे परदेशात आपल्या शान्शीचं काळं व्हिनेगर मिळतं का गं?" … हो ना. दर वर्षी तोच प्रश्न. … मला पण. मला पण फार आठवण येते.

… बरं, तो कागद मिळाला का? वकीलबाईंनी पाठवलेला. … वाचलास? … मग?

… नाही म्हणजे? … अगं ऐक ना… अगं हळू बोल, फोन स्पीकरवर आहे, शेजारी ऐकतील. … हो, तेच शेजारी. लेक दालोंग तुरुंगात गेला म्हणून लिउ मावशी दुसरीकडे कुठे जाणार? भिंत अजून तीच आहे आपली.

… माहितीय मला, माफीपत्र आहे ते. पुढच्या आठवड्यात सुनावणी. आपण दोघींनी सही केली तर कोर्ट कदाचित दालोंगचा जीव वाचवेल, मृत्युदंड न देता तुरुंगात ठेवेल. एकटीच्या सहीला वजन नाही म्हणतात. बायकोची हवी आणि लेकीचीही.

… मला सांगतेस त्यानं काय केलं ते? माझ्यासमोर केलं, सुयुन. … एका वायरीवरून. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून स्कूटर चार्ज करायचा. बाबा म्हणायचे, एक दिवस अख्खी इमारत पेटवेल हा. शेवटी त्यांनी ती काढून टाकली. तो प्यायलेला, स्वयंपाकघरातून सुरी घेऊनच… असो. असो.

… गंमत वाटते मला. दोन वर्षांपूर्वी आपण मृत्युदंडावरूनच केवढं भांडलो होतो. तू तुझ्या पेपरात लिहिलंस, कुणाचाही जीव घ्यायचा सरकारला हक्क नाही. मी म्हटलं, मग मेलेल्याच्या हक्काचं काय? फोन आपटलास तू. … आपटलासच. आणि बाबा मधे पडून काय म्हणाले? "हक्क म्हणजे हिवाळ्यात नळाला गरम पाणी, बाकीचं उन्हाळ्यात बघू." … हसलीस ना? आता बघ, माझं बोलणं तू बोलतेस आणि तुझं मी.

… आले होते की पत्रकार. आधी आपल्याकडचे चॅनेलवाले. खिडकीशी बसा म्हणाले, उजेड चांगला आहे, बाबांचा फोटो छातीशी धरा. रडा असं म्हणाले नाहीत, पण मी रडेपर्यंत थांबले. … हो, मग तुझ्या पेपरातला तो दाढीवाला मित्र. फार सभ्य. विचारलं, माफी द्यायला तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. आणि छापलं काय? ‘चीनमधली घाबरलेली विधवा’. … मी कधी कुणाला घाबरलेय गं? वर फोटो आपल्या जुन्या गिरणीच्या चिमणीचा. कधीची बंद पडलीय ती. आमच्या चॅनेलवर नुसते लाल कंदील, तुमच्या पेपरात नुसती चिमणी. मधे आम्ही राहतो, ते कुणालाच दिसत नाही.

… हो, लोक नेटवर लिहितात तेही वाचते. मारा त्याला, लवकर मारा. लिहिणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी कुठे आपल्याबरोबर कोबी रचलाय?

… अगं कोबी. पहिली थंडी पडली की गिरणीचा ट्रक यायचा नाही का? अख्ख्या इमारतीचा हिवाळाभराचा कोबी जिन्यात. तू खालून फेकायचीस, दालोंग वरच्या पायरीवर झेलायचा. … हो, तोच पडला होता, दात तुटला. बाबांनी सायकलवर घालून दवाखान्यात नेलं आणि तू रडत मागे. … काय दिवस होते गं. शनिवारी गिरणीच्या सार्वजनिक न्हाणीघरात लिउ मावशी माझी पाठ घासायची, मी तिची. आता जिन्यात भेटली की भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

… नाही. तिनं काही मागितलं नाही. तेच तर सोसवत नाही मला.

… बाबांना काय वाटलं असतं? … तू विचारलंस म्हणून सांगते. आज सकाळी मी बरण्या काढायला गेले, तर गेल्या लाबाच्या तशाच भरलेल्या. त्या भरल्या आणि आठवड्याभरात बाबा गेले, मग उघडतंय कोण? … तीनच. एक आपली. एक तुझी, तिकडे जाणारं कुणी भेटलं तर म्हणून. आणि निळ्या झाकणाची लिउ मावशीची. … हो, तीही बाबांनीच भरलेली.

… तेच सांगतेय ना. तेव्हा वायरीचं भांडण रोज चालू होतं. सकाळी जिन्यात दालोंगला शिव्या घालून आले, आणि दुपारी बसून त्याच्या आईची बरणी भरली. मी म्हटलं, यांना कशाला? तर म्हणाले, भांडण वायरीचं आहे, लसणाचं नाही.

… काय? … लसूण अजून हिरवा आहे का?

… नाही गं, हिरवा कुठला राहतोय. वर्षभरात पिवळा पडला. वास मात्र तोच.

… मी जबरदस्ती करत नाही. आणि मी त्याला माफ केलंय असंही समजू नकोस. पण त्याला मारून ते परत येणार असते तर… … हो. … हो, बाळा, रड.

… झाला सोलून. बरण्याही धुऊन ठेवल्यात. आता भरायच्या. … काय? … किती भरू?

ते तूच सांग.

… थांबलेय. सावकाश सांग.

… तीन?

… बरं. … बरं, बाळा. ते निळं झाकण कुठे ठेवलंय बघते. … हो, सहीचं वकीलबाईंना मी कळवते. तू जा आता, कामाला उशीर होईल तुला. … हो. … ठेवते.