वानखेडेकाकांची पट्टी

अरे, मिहानच्या कारखान्यात मी सेट केलेली पहिली मशीन अजून आठवते. कंट्रोलरला शंभर मिलिमीटर सांगितलं, की मशीनचं सरकतं टेबल पंचवीसवरच थांबायचं. मी म्हाताऱ्या फिटरला, वानखेडेकाकांना म्हटलं, "काका, मोटर बिघडली. खोला." त्यांनी दोनदा खोलली, दोनदा बसवली. मग पट्टी लावून म्हणाले, "मशीन बिघडली असती तं कुठंबी थांबली असती. दरवेळी बरोब्बर चार पट कमी? हे तुह्या हातचं काम आहे गा!"

खरंच होतं. टेबल किती सरकलं ते कळवणाऱ्या एन्कोडरचा एकेक पल्स कंट्रोलर चारदा मोजत होता, म्हणून पंचवीसलाच त्याचे शंभर भरायचे. सेटिंग मीच केलेली.

काका आता रिटायर होऊन भिवापुरात असतात. परवा फोन केला, "काका, नवी मशीन चुकीचं मोजून राहिली."

पलीकडून लगेच आलं, "किती पट?"