दोन बोटं वर

माझे वडील, आप्पा, वारले त्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या बुटक्या स्पोर्ट्स कारमधून दाराला धरून उतरत होते. मी इंजिन चालूच ठेवलं होतं.

महिन्याने बेंगळुरूला जयनगरच्या गॅरेजात मी तीच गाडी घेऊन गेले, तेव्हा शेजारी एक वडील आणि मुलगी भांडत होते.

“दिव्यश्री, ही गाडी आहे की चटई? उतरताना गुडघे बोलतात माझे.”

“बाबा, हे कॉइलओव्हर स्प्रिंग गाडी खाली घ्यायलाच बसवलेत.”

“सरी, ठीक आहे. मी रिक्षानं येतो.”

“रुसू नका हो. नागराज अण्णा, स्प्रिंगची रिंग फिरवून दोन बोटं वर घ्या.”

“स्टाइल जाईल, अक्का,” मेकॅनिक म्हणाला.

“जाऊ दे. यांना बसवून, उतरवून बघा.”

नागराज माझ्याकडे वळला. “अक्का, तुमची किती वर घेऊ?”

माझ्या गाडीच्या रिकाम्या डाव्या सीटकडे बघत मी म्हणाले,

“आप्पा, सावकाश उतरा. मला घाई नाही.”